इतकी वर्षं टोकियोत राहून मिळालं काय?

गेल्या अंकात टोकियोच्या निशिकासाई भागातल्या माझ्या घराविषयी, शेजाऱ्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. पुष्कळांना व्हिसा आणि पगार यांचीच माहिती हवी होती, ती देणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. उरलेल्यांतली पाच पत्रं निवडली, थोडी छाटली आणि उत्तरं देते आहे.

ताई, माझा मुलगा २०१८ मध्ये टोकियोला गेला. दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. आता कायम राहण्याची भाषा करतो. पगार चांगला आहे हे मला समजतं. पण पैशाशिवाय तिथं तुला काय मिळतं, असं विचारलं की ‘बाबा, सांगता येत नाही’ म्हणतो. तुम्ही तरी सांगा. – एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, त्याला सांगता येत नाही याचं मला नवल वाटत नाही. पगाराचा आकडा सांगता येतो, घराचे हप्ते फिटले हे सांगता येतं. बाकीचं जे काही मिळतं, ते मिळत असताना बहुतेक वेळा त्रासच वाटत असतो.

आम्ही आलो १९९९ साली. संगणकांना २००० साल नीट कळेल की नाही या धास्तीपोटी तेव्हा जगभर प्रोग्रॅमर गोळा करणं चाललं होतं, त्या लाटेत माझे मिस्टर इकडं आले. निशिकासाईच का, तर तोझाई लाईननं गाडी न बदलता ओतेमाची, निहोनबाशीच्या बँकांत पोचता येतं, आणि सरकारी महामंडळाच्या भाडेघरांच्या वसाहती इथं आहेत. त्या घरांना जामीनदार लागत नाही. इतर ठिकाणी घरदलाल आमचे चेहरे बघूनच पाण्याचा ग्लास पुढं करायचे आणि सध्या काही रिकामं नाही म्हणायचे.

मी कोल्हापुरातून रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली. इथल्या दुकानात तेलाची बाटली कुठली आणि व्हिनेगरची कुठली हे मला वाचता येईना. माझी आजी अंगठा उठवायची. पोस्टमन शाईचा डबा पुढं करायचा, ती पदराला बोट पुसायची. सांगलीच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचता येत नसल्यामुळं ती चढायच्या आधी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायची आणि तिघांचं उत्तर जुळलं तरच पाय वर टाकायची. घरात हा चेष्टेचा विषय होता. टोकियोत स्टेशनच्या नकाशासमोर उभं राहून मी नेमकं तेच करायला लागले. न वाचता येणाऱ्या माणसाला दिवसभरात किती गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, किती लोकांच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ताडावं लागतं, हे मला तेव्हा समजलं. आजी हुशार होती हे सगळे म्हणायचे, पण कशात हुशार होती ते मला इथं येऊन समजलं. आता बसमध्ये कुणी कागद पुढं करून ‘हे काय लिहिलंय बघा’ म्हणालं, तर त्या माणसाकडं मी वेगळ्या नजरेनं बघते.

दुसरी गोष्ट आडनावाची. आपल्याकडं आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यातले पुढचे चार रकाने आपोआप भरतात. नाही भरले तर तो ‘मूळचे कुठले?’ असं विचारून भरून घेतो. इथं वॉर्ड ऑफिसातल्या बाईनं माझं आडनाव परदेशी नावांसाठीच्या टोकदार जपानी अक्षरांत लिहिलं, दोनदा उच्चारून पाहिलं आणि पुढचा अर्ज हातात दिला. बास. माझे वडील कोण, सासर कुठलं, घरात मटण शिजतं की नाही, यातलं काही त्या आडनावातून तिला समजण्यासारखं नव्हतं. पहिली दोनतीन वर्षं मला त्यानं उघडं पडल्यासारखं व्हायचं, कारण मागं उभं राहायला काही नाही. मग हळूहळू ते आवडायला लागलं. मी वेळेवर येते का, दिलेला शब्द पाळते का, एवढ्यावरच माझी किंमत ठरणार होती. अर्थात इथल्या आपल्या मंडळींत पहिल्या चहालाच ‘मूळचे कुठले?’ येतं. ते काही कस्टममध्ये अडवून घेत नाहीत. आणि जपान्यांकडंही एक भलामोठा रकाना आहेच, ‘परदेशी’ नावाचा. त्यात मी, कोपऱ्यावरच्या दुकानातला नेपाळी पोरगा आणि वरच्या मजल्यावरची फ्रेंच बाई, सगळे एकत्र.

पण सर, खरी मिळकत म्हणाल तर ती दहा वर्षं उलटल्यानंतरची आहे.

११ मार्च २०११, दुपारी पावणेतीन. नऊ रिश्टरचा तो भूकंप. गाड्या बंद पडल्या. मिस्टर ओतेमाचीहून चालत निघाले, अराकावा नदीवरच्या पुलावर माणसांची रांग लागली होती, कुणी धक्का देत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. आमच्या पलीकडं, दुसऱ्या एका नदीपार उरायासुमध्ये भराव घातलेली जमीन चिखलासारखी झाली, नळ बंद पडले. नंतर फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्या आणि आठवडाभरात आमच्या वसाहतीतली बरीच परदेशी घरं रिकामी झाली. त्यांना मी नावं ठेवत नाही. सांगलीहून आईचे दिवसाला चार फोन येत होते. मिस्टरांचं काम बँकेच्या यंत्रणेचं, टाकून जाण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही राहिलो. शौर्य वगैरे काही नाही. त्याच महिन्यात भारतातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जण मियागीतल्या ओनागावा गावी शोधकार्याला आले. तळमजल्यावरच्या आजींनी ते पेपरात वाचलं आणि जिना चढून माझ्या दारात आभार मानायला आल्या. मी काय केलं होतं? नुसती राहिले होते.

पुढच्या वसंतात मजल्याच्या पाळीच्या यादीत पहिल्यांदा आमचं नाव लागलं. तोवर आम्हाला वगळायचे, परदेशी आहेत, कशाला त्रास द्या, अशा सौजन्यानं. पाळी म्हणजे वर्षभर रहिवासी मंडळाची वर्गणी गोळा करायची, सूचनांची फाईल घरोघर फिरवायची, आणि कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून पिशव्यांवर टाकतात ती जाळी धुवायची. ती जाळी पहिल्यांदा धुतली तेव्हा मासळीच्या वासानं डोकं उठलं. पण पाहुण्याला कुणी कचऱ्याची जाळी धुवायला लावत नाही, हेही त्याच वेळी लक्षात आलं.

२०१९ साली पुन्हा आमची पाळी होती. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं. माझं माहेर गावभागातलं. लहानपणापासून पावसाळ्यात आमच्याकडं ‘जेवलीस का’ याच्या आधी ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. मी टोकियोत बसून रात्ररात्र फोन लावत होते. पाळीची फाईल द्यायला गेले तेव्हा त्याच तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, चेहरा असा का? सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईसाठी पैशाचं पाकीट आणून दिलं, मी नको नको म्हटलं तरी.

आता गंमत बघा. आमचा एदोगावा वॉर्ड स्वतःच पाण्याखालचा. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, बांध आहेत म्हणून आम्ही कोरडे. ज्या अराकावाच्या काठी आम्ही फिरायला जातो, ते नदीचं पात्रही माणसानं खणलेलं आहे. १९१० च्या महापुरानंतर काम काढलं आणि १९३० मध्ये पुरं केलं, लांबी २२ किलोमीटर. ज्या इंजिनिअरनं ते तडीला नेलं, ते आओयामा आकिरा पनामा कालव्यावर काम करून आलेले होते. परदेशी राहून काय मिळतं याचं हेही एक उत्तर आहे, जाता जाता. तर २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डानं घरोघर पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘इथं राहू नका’. आपली नगरपालिका असं छापेल का? आणि ऑक्टोबरच्या १२ तारखेला हागिबिस वादळ आलं, आमच्या भागाला घर सोडून सुरक्षित जागी जायची सूचना निघाली.

सकाळपासून सगळ्यांचे फोन कर्कश वाजत होते, पण संदेश जपानीत. नुकतीच आलेली पुण्याची, चेन्नईची पोरं गोंधळून गेली होती. मी जिन्यानं दार दार करत निघाले, मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत सांगत : पासपोर्ट, औषधं, पाणी, जाड मोजे, शाळेच्या व्यायामशाळेत चला. तळमजल्यावरच्या आजी हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या लेकानं फोनवर विनवलं, मंडळाचे अध्यक्ष येऊन गेले, तरी नाही. मी गेले तेव्हा म्हणाल्या, तुझ्या आईच्या घरात पाणी शिरलं होतं ना, तू सांगतेस म्हणजे जायला पाहिजे. आणि पिशवी भरायला लागल्या.

रात्रभर आम्ही शाळेच्या लाकडी जमिनीवर बसून होतो. बांध टिकला, नदी पात्रातच राहिली. सर, मला इथं मताचा अधिकार नाही, कायम वास्तव्याचा परवाना असला तरी परदेशी माणसाला मत नसतं. तरीही त्या रात्री एका जिन्याची माणसं मोजून घेण्याचं काम माझं होतं. आणि एक बोचरं सत्य सांगते, सांगलीत हे काम मला कधीच मिळालं नसतं. तिथं महापुरात धावपळ करायची ती दादानं आणि काकांनी, मी वरच्या मजल्यावर चहा करणार.

तुमच्या मुलाची अजून पाळी आली नसेल. पुढच्या फोनवर पगाराचं न विचारता शेजारी कोण राहतं ते विचारून बघा. भराभरा सांगायला लागला, तर परत येण्याचा आग्रह जरा दमानं करा.

मी नर्सिंग केलं आहे. वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी जपानला जायची तयारी करते आहे. भाषेची परीक्षा झाली की माणूस तिथं रुळतो का? परकेपणा किती वर्षांनी जातो? – एक वाचक, लातूर

बाळ, मीही तेच काम करते, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

आधी कोरडं. २०१९ च्या एप्रिलपासून जो कुशल कामगारांचा नवा व्हिसा सुरू झाला, त्याचा पहिला प्रकार साधारणपणे पाच वर्षांचा, आणि त्यावर कुटुंब नेता येत नाही. त्या पाच वर्षांत इथली वृद्धसेवेची राष्ट्रीय परीक्षा पास झालीस तर व्हिसा बदलतो, पुढं राहता येतं, कुटुंबही आणता येतं. तेव्हा पहिल्या वर्षीच अभ्यासाला लाग. एजंट यातलं पहिलं अर्धंच सांगतात.

मी आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्यात परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. पहाटे एका बेकरीत पाव पिशव्यांत भरायचे, आणि संध्याकाळी वॉर्डाच्या सभागृहात निवृत्त शिक्षिका फुकट भाषा शिकवायच्या तिथं जाऊन बसायचं. इथं २००० सालापासून दीर्घकालीन सेवेचा सक्तीचा विमा आहे, चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण हप्ता भरतो, परदेशीसुद्धा, आणि म्हातारपणी त्यातून घरी येणारी बाई किंवा दिवसभराचं केंद्र मिळतं. अशाच एका केंद्रात मी लागले. सकाळी गाडीनं आजी-आजोबांना आणायचं, अंघोळ घालायची, जेवण, खेळ, संध्याकाळी घरी सोडायचं. दिवसाची सुरुवात रेडिओच्या कवायतीनं. १९२८ पासून चाललेली ती कवायत आहे, पियानोची आताची धून १९५१ पासूनची. ज्यांना आपल्या लेकीचं नाव आठवत नाही, त्यांचे हात त्या धुनेवर बरोबर वर जातात. सांगलीला गेले तरी साडेसहाला माझेही जातात, वहिनी दारात उभी राहून बघते.

परीक्षेची भाषा लवकर येते. लोक तुझ्याशी ज्या भाषेत कुरकुरतात ती यायला वेळ लागतो. पहिली कित्येक वर्षं सगळे माझ्याशी फार गोड बोलायचे. तू जपानी किती छान बोलतेस, काडीनं किती छान खातेस. ज्या दिवशी एक आजोबा खेकसले, ‘पाणी गार आहे, लक्ष कुठंय तुझं?’, त्या दिवशी मी घरी येऊन मिस्टरांना आनंदानं सांगितलं, आज मला शिव्या बसल्या.

आता परकेपणाचं. तो जात नाही. गेला पाहिजे असंही मला आता वाटत नाही, का ते सांगते. आमच्याकडं एक आजी यायच्या, सुमिदा नदीच्या पूर्वेला वाढलेल्या. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी त्या सगळ्या भागावर आगीचे बॉम्ब टाकले, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. एक दिवस अंघोळ घालताना त्यांच्या पाठीवरच्या डागाला मी साबण लावत होते, तर त्या बोलायला लागल्या. धाकट्या भावाचा हात कुठल्या वळणावर सुटला, इथपर्यंत सगळं सांगितलं. पाणी गार झालं, मी पुन्हा गरम सोडलं, त्या सांगतच होत्या. नंतर त्यांच्या मुलीला भेटले तेव्हा कळलं, घरात यातलं अक्षरही कुणाला माहीत नव्हतं. मी आजींना विचारलं, मला का सांगितलंत? म्हणाल्या, तू इथली नाहीस म्हणून.

घरच्या माणसाला सांगितलं तर ते त्याच्या उरावर बसतं, आणि भाषा न समजणाऱ्याला सांगून उपयोग नाही. भाषा समजते पण नात्यातली नाही, अशी माणसं कुठल्याही गावात थोडी असतात. तुला दहा-बारा वर्षं इथं काढता आली तर तू त्यातली एक होशील. पगाराच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो. त्या आजी आता नाहीत. त्यांचं ते सांगणं माझ्याकडं राहिलं आहे, आणि मी ते त्यांच्या मुलीला सांगायचं की नाही, हे अजून ठरवू शकलेले नाही.

जाड मोजे, लोकरीची बनियन आणि गोडा मसाला इतकंच सोबत आण. बाकी सगळं इथं मिळतं.

तिकडं वाढलेली मुलं मराठी राहतात का, खरं सांगा. – एक आजी, पुणे

आजी, माझी लेक मराठी अस्खलित बोलते, वाचते अडखळत, आणि भांडते जपानीत. तिच्या वयाची पुण्यातली मुलं कुठल्या भाषेत भांडतात ते तुम्हीच मला कळवा. राहायचं म्हणजे काय राहायचं, त्यावर सगळं आहे. ती सहाव्या वर्षापासून एकटी चालत शाळेत गेली, कारण इथं सगळीच मुलं जातात. वर्ग स्वतः झाडला. सांगलीला गेली की जेवणाचं ताट स्वतः उचलते, आणि माझे भाऊ अवघडतात. यातलं मराठी किती आणि जपानी किती, मी मोजायला बसत नाही.

ताई, इतकं कौतुक असेल तर जपानीच व्हा की! मराठी मासिकात कशाला लिहिता? आणि देवधर्म वगैरे काही उरलाय का? – एक स्पष्टवक्ता, डोंबिवली

स्पष्टवक्ते, देवधर्म उरलाय. आपला गणपती इथं शेकडो वर्षांपासून आहे, बौद्ध धर्माबरोबर आला. आसाकुसाला सुमिदा नदीकाठच्या छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथला देव हाच. मूर्ती मात्र झाकलेली, दर्शन कुणालाच नाही. हत्तीच्या तोंडाच्या दोन आकृती एकमेकांना आलिंगन देताहेत, असं तिचं रूप सांगतात. आणि नैवेद्य कशाचा? मुळ्याचा! चांगला हातभर लांब, पांढरा मुळा. देवळातच विकत मिळतो. पायरीपासून कंदिलापर्यंत सगळीकडं मुळ्यांची जोडी कोरलेली. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, उकडलेला मुळा प्रसाद म्हणून वाटतात. आमच्या घरात मुळा नैवेद्याच्या ताटात चालत नाही, त्यामुळं पहिल्यांदा मी मुळा हातात घेऊन बराच वेळ घुटमळले. सासूबाई आल्या होत्या त्यांना घेऊन गेले. मला वाटलं, नाक मुरडतील. त्यांनी शांतपणे मुळा ठेवला, अथर्वशीर्ष म्हटलं, आणि खाली उतरताना म्हणाल्या, त्याला इकडं मोदक कोण करून घालणार, मुळा तर मुळा.

सासूबाईंना मी इतकी वर्षं ओळखत होते असं मला वाटत होतं. परदेशी राहिल्यानं आपली माणसं अशीही दिसतात, तीन महिन्यांच्या व्हिसावर, स्वयंपाकघराच्या बाहेर.

जपानी व्हायचं तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, तो मी सोडलेला नाही. मराठी मासिकात लिहिते कारण जपानी मासिकं मला बोलावत नाहीत. तुम्ही शब्द टाकून बघा.

सोळा वर्षं योकोहामात काढली. वय ४९. आईवडिलांसाठी आता पुण्याला परततो आहे. इथं जे कमावलं ते तिथं गेल्यावर वाया जाईल अशी भीती वाटते. तुम्ही काय सांगाल? पेन्शनचंही कुणी नीट सांगत नाही. – एक वाचक, योकोहामा

दादा, थोडं वाया जाणार. तुमच्या कारकुनाला, वाण्याला, भाजीवालीला ओळखण्यात जी सोळा वर्षं गेली ती पुण्यात कुणाच्या खिजगणतीत नसतील. परतलेल्या आमच्या ओळखीच्यांपैकी जे सुखी आहेत, त्यांनी एक पथ्य पाळलं : ‘आमच्या जपानात’ या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. जे दुःखी आहेत ते अजून रिक्षावाल्यांना रांग शिकवताहेत. तुम्ही परत नवशिके होणार आहात, यावेळी स्वतःच्याच गावात. एकदा झालेला माणूस दुसऱ्यांदा कमी घाबरतो. शेजारच्या आजोबांना बँकेचं ॲप येत नाही, त्यांच्यापाशी न कंटाळता बसू शकलात, तर योकोहामातलं थोडंतरी बरोबर आलं म्हणायचं.

आणि आईवडिलांसाठी जाताय तर वेळेवर जाताय. २०२० साली भारतातून जपानला यायचे रस्ते कित्येक महिने बंद होते. जपानी नागरिकांना येता येत होतं, पण कायम वास्तव्याचा परवाना असलेला परदेशी माणूस बंदीनंतर बाहेर पडला की त्याला परतीची खात्री नव्हती. आमच्या ओळखीतली दोन घरं त्यात अर्धी इकडं, अर्धी तिकडं अडकली. परवान्याला लोक दगडावरची रेघ समजतात, तशी ती नाही. तो टिकवायचा असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेशाची रीतसर परवानगी काढा, ती जास्तीत जास्त पाच वर्षांची मिळते. काही न काढता विमानतळावर नुसती खूण करून निघालात तर वर्षभरात परत यावं लागतं.

पेन्शन. पूर्वी २५ वर्षं भरली तरच हक्क होता. ऑगस्ट २०१७ पासून ही अट दहा वर्षांवर आली. सोळाही वर्षं हप्ता भरला असेल तर ६५ व्या वर्षापासून तुम्हाला जपानी पेन्शन मिळेल, पुण्यात राहूनसुद्धा. जाताना एकरकमी पैसे काढा असा सल्ला ऑफिसात कुणी देईल, पण ती सोय दहा वर्षं न भरलेल्यांसाठी आहे, तुम्हाला लागू नाही. तुमच्या धाकट्या सहकाऱ्यांना मात्र हे सांगा : ती रक्कम ठराविक वर्षांच्याच हिशेबानं मिळते, देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि एकदा घेतली की ती वर्षं पुसली जातात. भारत आणि जपान यांच्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यानुसार दोन्हीकडची वर्षं हक्कासाठी जोडता येतात. पुसलेली वर्षं त्यात धरत नाहीत.

निघण्यापूर्वी पेन्शनच्या कार्यालयात स्वतः जाऊन भरलेल्या महिन्यांचा उतारा छापून घ्या. नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमानं नोंदलंय का तपासा, आपल्या नाव-वडिलांचं नाव-आडनाव पद्धतीमुळं इथं एकाच माणसाच्या दोन नोंदी झालेल्या मी पाहिल्या आहेत. दुरुस्ती इथं असतानाच करा. पुण्याहून फोनवर ते जपानीत समजावताना घाम निघेल.